बुइपेच्या पुलावर चित्र अडकतं

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी सिमेंटवाल्यांची. दरवर्षी ते वजनकाट्यावर आम्हा सगळ्यांना एकेक देऊन जातात आणि दरवर्षी मी ती बायकोला, पोकुआला देतो. ती तीत गिऱ्हाइकांची मापं लिहिते. यंदा बाळंतपणामुळे तिचं शिवणयंत्र बंद आहे, म्हणून डायरी माझ्या वाट्याला आली.

परवा शनिवारी लेकीचं बारसं झालं. आठवा दिवस, पहाटेचा गारवा, हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी की पाहुणे शिंकतच आले. काकांनी तिच्या जिभेवर आधी पाणी आणि मग जिनचा थेंब लावला, म्हणजे मोठी झाल्यावर ती पाण्याला पाणी आणि दारूला दारू म्हणेल. नाव आमा. जन्मतः वजन तीन किलो दोनशे ग्रॅम, मी स्वतः काटा पाहिला. वजनाच्या बाबतीत मी कुणाच्या शब्दावर जात नाही.

सासूबाई, एनो फ्रेमा, किंतांपोहून आल्या आहेत, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहतील. सामान अंदाजे ऐंशी किलो, त्यातलं निम्मं याम. एकेक कंद माणसाच्या पोटरीएवढा. तीस वर्षं एनो फ्रेमांनी उत्तरेकडून लॉरीने याम आणून इथल्या तेचिमानच्या बाजारात विकला. आणि मी नऊ वर्षं त्याच रस्त्यावरच्या वजनकाट्यावर कारकून आहे. जास्त भरलेली लॉरी आली की माल उतरवायला लावणं हे माझं काम. तेव्हा आमचं जमायचं कसं? लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही.

आज जेवताना म्हणाल्या, "काय काटेवाले, आज किती बायकांचे कंद उन्हात उतरवलेत?"

मी म्हणालो, "एनो, जास्त भाराने रस्ता खचतो."

"रस्ता खचतो म्हणे. माझी कंबर खचली, ती कुठल्या काट्यावर मोजलीत?"

पोकुआ कुटलेल्या यामच्या फुफूच्या वाटीत बघून हसत होती. माझी इच्छा एकच आहे आणि ती इथे लिहून ठेवतो. परत जाण्याआधी त्यांनी मला एकदा तरी 'यॉ' म्हणावं.

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी ट्रकचा खेळ खेळलो. दिवसभर दुसऱ्यांच्या लॉऱ्या मोजणाऱ्या माणसाने घरी येऊन लॉरीच चालवावी, यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. मला खरी गाडी चालवता येत नाही, परवानाही नाही. म्हणून तर गेल्या वर्षी हा खेळाचा लॅपटॉप घेतला. अक्राच्या काही पोरांनी या खेळात आपला तामाले ते तेचिमान रस्ता हुबेहूब बसवलाय. बुइपेचा पूल आहे, किंतांपो आहे, आणि पुढे आमचा वजनकाटासुद्धा आहे. माझी खिडकी दिसते! खिडकीत मी नाही, एवढंच.

३१ तारखेला, शनिवारी, या रस्त्यावर शर्यत आहे. सगळे आपापल्या घरून खेळणार. दोघांची जोडी, लॅपटॉप एक. काट्यावरचा माझा सोबती ओपोंग आणि मी, अशी आमची जोडी आहे. काट्यावर सगळ्यांना सांगून झालंय, काही ड्रायव्हरांनाही.

अडचण एकच आहे. लॅपटॉप अडखळतो. मोकळ्या रस्त्यावर कसाबसा निभतो, पण खेळात धूळ उडायला लागली आणि पुढे पूल आला की चित्र अडकतं. मग ते सुटतं तेव्हा ट्रक नदीत असतो. आज चार वेळा नदीत गेलो.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "हा माणूस खोट्या रस्त्यावरसुद्धा माल पोचवत नाही." आणि आत गेल्या.

एक गोष्ट चांगली झाली. आमा सारखी रडते, पण मी खेळत होतो तेव्हा गाढ झोपली होती.

१० जानेवारी, शनिवार

लॅपटॉप घेऊन अल्हसनकडे गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याची टपरी आहे. त्याचं निदान ऐकायला लोक लांबून येतात.

मी म्हणालो, "यातलं ग्राफिक्स कार्ड काढ आणि मोठं बसव."

तो म्हणाला, "तुझं नाक काढून मोठं बसवू का?"

"म्हणजे?"

"लॅपटॉपमध्ये ते बोर्डालाच डकवलेलं असतं, भाऊ. निघत नाही. आहे त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं." त्याने मागचं झाकण उघडलं आणि पंख्यातून चिमटीने धुळीचा असा बोळा काढला की शेजारचा बेल्टवालाही बघायला आला. अंदाजे पाच ग्रॅम. "हा बघ तुझा हरमटान. बिचारं श्वास कुठून घेणार?"

पंखे साफ झाले, जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी थर्मल पेस्ट लागली, रॅमची दुसरी पट्टी बसली. तिथेच खेळ लावून पाहिला. पूल कसा पार झाला म्हणून सांगू! पाण्यासारखं चित्र. मी अल्हसनला मिठी मारली.

घरी आलो. रोजच्या शिस्तीप्रमाणे प्लग भिंतीत न घालता खेळायला बसलो. ही शिस्त आमच्या घरात फार कडक आहे. लाईट जाते त्याचं काही नाही, लाईट परत येते तेव्हा ती सांडासारखी येते. माझ्या मामांचा फ्रीज असाच जळाला, वडिलांचा टीव्हीही. म्हणून मी पहाटे पाचला उठून, समोर बसून, बॅटरी पूर्ण भरून घेतो. दिवसभर आणि संध्याकाळी भिंतीत काहीही राहता कामा नये.

तर खेळायला बसलो. पूल आला. चित्र अडकलं. ट्रक नदीत.

१३ जानेवारी, मंगळवार

समजेनासं झालंय. अल्हसनच्या टपरीत मशीन पाण्यासारखं चालतं, घरी आलं की ठेचकाळतं. आज परत नेलं. त्याने परत चालवून दाखवलं आणि म्हणाला, "तुझ्या घरात काहीतरी आहे."

घरात नवीन आलंय ते एकच. पण तसं लिहिणं बरं नाही.

त्याने वेगळा उपाय सांगितला. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन झाडं कमी करायची, सावल्या काढायच्या, लांबचे डोंगर पुसून टाकायचे. चित्र हलकं झालं की ग्राफिक्सवरचा भार उतरतो. भार उतरवणं हा तर माझा धंदाच. सगळी झाडं काढली. रस्ता आता तव्यासारखा बोडका दिसतो, पण पाचांतून तीनदा पूल पार झाला! शिवाय एक युक्ती सापडली. चित्र अडकलं की घाबरून हात हलवायचा नाही. मनात दोन मोजायचे आणि ट्रक आता कुठे असेल त्या अंदाजाने हळूच वळवायचा. मोजणं मला जमतं.

१५ जानेवारी, गुरुवार

विचित्र प्रकार. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर झाडं परत आलेली. सावल्या, डोंगर, सगळं. मी तर पुसली होती.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. एक, कामावरून आलो तेव्हा लॅपटॉप खालून गरम होता. बंद लॅपटॉप गरम! दोन, चार्जर भिंतीत होता. मी पोकुआला जरा जोरातच म्हणालो, "प्लग कुणी लावला?" ती म्हणाली, "कुठला?" सासूबाई कंद सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी प्लग काढला.

जेवताना सासूबाई आपणहून म्हणाल्या, "रस्त्याला झाडं हवीत. आंब्याच्या झाडाशिवाय माणसाला वळण कळायचं कसं?"

मी म्हणालो, "हो, एनो, वनखात्याने लक्ष द्यायला हवं." आमच्यात प्रथमच एखाद्या विषयावर एकमत झालं. पोकुआला ठसका लागला.

१७ जानेवारी, शनिवार

आनंदाची बातमी! खेळाच्या यादीत तामाले-तेचिमान रस्त्यावर सगळ्यात कमी वेळात पोचणाऱ्यांत माझं नाव सातवं आहे. सातवं! ओपोंगने फोन करून सांगितलं. मला तो फेरा नीट आठवत नाही. पण बाप झाल्यापासून झोप पुरी होत नाही, अर्धवट झोपेतच हातून असं काही होऊन जात असेल. पेस्ट मुरायला वेळ लागत असावा.

ओपोंग म्हणाला, "पण यात वेळ बुधवारी सकाळी अकराची दाखवतेय. तेव्हा तर तू माझ्यासमोर बसून सिमेंटची लॉरी मोजत होतास."

मी म्हणालो, "खेळाचं घड्याळ दुसऱ्या देशातलं असणार."

तो म्हणाला, "असेल."

बंद लॅपटॉप आजही गरम होता. चार्जर आजही भिंतीत. मी काढला.

२० जानेवारी, मंगळवार

यादीत चौथा! आणि संध्याकाळी स्वतः बसलो तर दोनदा नदीत. दिवसा मी नसताना मशीन बरं वागतं आणि मी आलो की रुसतं, असं कसं? अल्हसनकडून खाली ठेवायचा पंखेवाला स्टँडही आणला. काही फरक नाही.

खरं लिहायचं तर मी थोडा खचलोय. शर्यत अकरा दिवसांवर आली आणि सगळ्यांना सांगून बसलोय. सासूबाई आज म्हणाल्या, "काटेवाले, जेवा. नदीत पोहून भूक लागली असेल." रागवायला हवं होतं, पण हसू आलं.

२१ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी काट्यावरची लाईट गेली, जनरेटरला डिझेल नाही. काटाच बंद, तर माणसं बसवून काय करणार? बाराला सोडलं. घराजवळ आलो तर घरातून ट्रकचा भोंगा ऐकू आला.

आत पोकुआच्या शिवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप. पुढ्यात बुटक्या स्टुलावर एनो फ्रेमा, पाठीशी कापडात बांधलेली आमा गाढ झोपलेली. पडद्यावर धूळ, धुळीत झाडं, समोर बुइपेचा पूल. पोकुआने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी म्हणालो, "एनो!"

त्या वळल्या नाहीत. "थांब. पूल चालू आहे."

आणि पूल पार झाला. एकदाही चित्र अडकलं नाही. पलीकडे रस्त्यात शेळ्या आल्या, तर त्यांनी भोंगा देऊन अशी अलगद बगल दिली की मला टाळी वाजवावीशी वाटली. मग ट्रक कडेला लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बारशानंतरच्या गुरुवारपासून," पोकुआ म्हणाली. "आमा काही केल्या गप्प राहीना. तू खेळतोस तेव्हा ती झोपते, म्हणून मी नुसतं इंजिन लावून ठेवलं."

"आणि इंजिन चालू ठेवायचं तर कुणीतरी गाडी हाकायला नको?" सासूबाई म्हणाल्या. पाठीवरच्या आमाचं कापड घट्ट केलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं ड्रायव्हरच्या शेजारी बसले मी. माल माझा, डिझेल माझं. झोपला तर चिमटा काढून जागं ठेवणारीही मीच. पण चाकाला एकाने हात लावू दिला नाही. म्हणे, बाईने चाक धरलं की टायर फुटतो."

मी खाली बसलो. मग एकदम आठवलं. "पण चित्र? चित्र अडकत कसं नाही?"

"मला काय ठाऊक. मी सकाळी तो प्लग लावते आणि गाडी काढते. तू येऊन तो रोज उपटतोस. मला वाटलं, तुझं त्या भिंतीशी भांडण आहे."

मी प्लग काढला. चित्र अडखळलं. लावला, पाणी. काढला, अडखळलं. लावला, पाणी. असं सहा वेळा केलं. अल्हसनला फोन लावला. तो पलीकडून किंचाळलाच, "बॅटरीवर? यॉ, तू इतके दिवस बॅटरीवर खेळत होतास? बॅटरीवर ग्राफिक्स अर्ध्याने दम कमी करतं, चार्ज वाचवायला! आणि मी वेड्यासारखा पेस्ट लावत बसलो!" आता त्याची सगळी गल्ली मला वर्षभर हसणार.

पंखे, पेस्ट, रॅम, स्टँड. आणि उपाय होता भिंतीत, मीच रोज उपटत होतो. मला हसू आवरेना. सासूबाईही हसल्या, तोंडावर कापड धरून. पाच वर्षांत मी त्यांचे दात आजच पाहिले.

यादीतला चौथा क्रमांक माझा नाही, हेही इथे नोंदवतो. पाण्याला पाणी.

२३ जानेवारी, शुक्रवार

ओपोंगचे मामा नोव्हेंबरात गेले होते. घरच्यांनी आता उत्तरकार्याची तारीख ठरवली, ३१ जानेवारी, शनिवार. मामाच्या कार्याला भाचा नाही, असं होऊच शकत नाही. तो म्हणाला, "लाल-काळं कापड नेसून मंडपात लॅपटॉप उघडू का?" त्याचा दोष नाही. जोडी मोडली.

संध्याकाळी मी सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. "एनो, शनिवारी माझ्याबरोबर खेळाल का?"

"काटेवाल्याबरोबर?"

"हो."

त्यांनी बराच वेळ कंद सोलला. मग म्हणाल्या, "मी म्हणेन त्या रस्त्याने जायचं."

मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

आता कळलं. प्रार्थनेहून आल्यावर सरावाला बसलो. सगळीकडे चाक त्यांच्याकडे, शेवटचा शहरातला टप्पा माझ्याकडे, असं ठरलंय. वजनकाटा दिसायला लागायच्या थोडं आधी त्यांनी ट्रक एकदम डावीकडे आंब्याखालून आत घातला. पडक्या चॅपेलमागून, वाळक्या नाल्यातून, मक्याच्या शेताच्या बांधाने, आणि बाहेर पडल्या त्या थेट काट्याच्या पलीकडे. एक मिनिट वाचलं.

नऊ वर्षं! नऊ वर्षं साहेब मला विचारतायत की किंतांपोहून निघालेल्या यामच्या लॉऱ्या मध्येच कुठे गडप होतात. मी वही घेऊन झाडाखाली बसलोय, मोटरसायकलवरून हिंडलोय.

"एनो, ही वाट खरंच आहे?"

"छे. खेळातली आहे," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

"पण खेळाच्या नियमाप्रमाणे आडवाटेला कधी कधी पोलिस उभा असतो. सापडलो तर बाद."

"मी तीस वर्षांत सापडले नाही." मग म्हणाल्या, "म्हणजे, खेळात."

ठरलं होतं, त्यांच्या रस्त्याने जायचं. पण मला बरं वाटत नाहीये. खेळ असला तरी तो माझा काटा आहे. त्याला वळसा घालून मी माझ्याच खिडकीमागून चोरासारखा जाणार. पण 'नको' म्हणालो तर पुन्हा मी काटेवाला. आता कुठे त्या हसायला लागल्या आहेत.

३१ जानेवारी, शनिवार

शर्यत दुपारी तीनला. टेबल पुसलं. प्लग भिंतीत घातला, त्याच्याकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावलं. फ्रीज, टीव्ही वगैरेंचे प्लग काढून ठेवले. अल्हसन काय होतंय बघायला आला आणि येताना वाक्ये, म्हणजे चवळीभात, घेऊन आला. पोकुआ आमाला घेऊन मागे बसली.

सासूबाईंनी बाजाराला जाताना बांधायच्या तसा डोक्याला रुमाल बांधला होता. तामालेहून सुटलो ते बाणासारखे. बेचाळीस गाड्यांत अकरावे, मग सातवे, मग पाचवे. अल्हसन पडद्याकडे बघून पुटपुटत होता, "काय चित्र आहे! काय चित्र!" बुइपेचा पूल समोर आला आणि लाईट गेली.

इंटरनेट माझ्या फोनवरचं होतं, ते टिकलं. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि चित्र अडखळायला लागलं. सासूबाईंनी असलं चित्र कधी चालवलंच नव्हतं. ट्रक कठड्याला घासला. "हे काय झालं? रस्ता उडतोय! मला दिसत नाही!" त्या स्टुलावरून उठल्याच. "ये, तू ये. ही तुझी गाडी."

मी बसलो. आणि मला घरी आल्यासारखं वाटलं, खरं सांगतो. सगळं ओळखीचं. चित्र अडकलं, मी दोन मोजले, हात हलवला नाही. सुटलं, थोडं वळवलं. पुन्हा अडकलं. एक, दोन. नदी डावीकडे दिसली, गेली. पूल पार! अल्हसनने टेबलावर मूठ आपटली आणि पोकुआने त्याला दटावलं.

पुढे धूळ इतकी की अडकलेल्या चित्रात काहीच कळेना. पण माझ्या कानाशी एनो होत्या. "आता उजवीकडे वळण, लांबलचक. आता चढ. आता डाव्या हाताला मिशनची शाळा येईल. आली? मग सरळ." त्या डोळे मिटून सांगत होत्या आणि मी त्यांच्या तोंडून रस्ता बघत होतो. पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नाही एवढं त्या अर्ध्या तासात बोललो. किंतांपो गेलं. आम्ही नववे होतो.

मग आंब्याचं झाड आलं. पुढे काट्याचा कौलारू माथा दिसत होता. पुढच्या दोन गाड्या झाडाखालून डावीकडे आत घुसल्या. एक मिनिट वाचवलं तर आम्ही सहावे-सातवे. दिलेला शब्द होता. मी ट्रक डावीकडे वळवायला घेतला.

"यॉ!"

मी इतका दचकलो की ट्रक झाडाला लागता लागता वाचला.

"यॉ, सरळ जा. काट्यावर थांब."

"पण एनो, तुम्हीच म्हणाला होतात..."

"तेव्हा काटा सरकारचा होता. आता जावयाचा आहे. सरळ जा."

मी सरळ गेलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे चित्र अडकलंय की काय तेही नीट कळेना. ट्रक काट्यावर चढवला, थांबवला. माल मीच भरला होता, मर्यादेच्या आत. हिरवा दिवा लागला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच एनो फ्रेमा हिरव्या दिव्यातून गेल्या. त्यांनी पडद्यावरच्या माझ्या रिकाम्या खिडकीला हात केला.

आडवाटेला त्या दिवशी खेळाने पोलिस उभा केला होता. आमच्या पुढच्या, आत गेलेल्या सातच्या सात गाड्या बाद! आम्ही एकदम दुसरे आलो. दुसरे! पोकुआ उठून नाचली. अल्हसन अरबीत काहीतरी म्हणत होता. आमा रडायला लागली, कारण इंजिन बंद झालं होतं.

पहिल्याला नवं मोठं ग्राफिक्स कार्डवालं मशीन मिळालं. दुसऱ्याला बक्षीस म्हणून व्होल्टेज स्टॅबिलायझर. आता लाईट सांडासारखी आली तरी येऊ दे. मी तो हातात तोलून पाहिला, चार किलो तरी आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एनो आज गेल्या. मी बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "नीट हाक. मला येतं हे." तो हसला. त्याला माहीत नाही.

मला म्हणाल्या, "यॉ, खरी गाडी शिक. मग मला शिकव." घर रिकामं वाटतंय. मला वाटलं नव्हतं असं लिहीन म्हणून.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी काट्यावर एक यामची लॉरी आली. निळी, पुढे कोंबड्याचं चित्र. नऊ वर्षांत ही लॉरी मी कधी पाहिली नव्हती. साहेब बाहेर येऊन बघायला लागले. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "एनो फ्रेमांनी सांगितलंय, आजपासून काट्यावर थांबायचं. आणि वजन यॉकडूनच करून घ्यायचं."

मी वजन केलं. बासष्ट किलो जास्त.

त्यांची पहिली लॉरी आणि मी माल उतरवायला लावू? पण काट्याने बासष्ट दाखवले होते, मी बासष्टच लिहिले. म्हणालो, "माफ कर भाऊ, एवढे उतरवावे लागतील."

ड्रायव्हर हसत मागे गेला आणि वरचंच एक पोतं खाली टाकलं. त्यावर कोळशाने लिहिलं होतं, यॉ आणि आमासाठी. पुन्हा वजन केलं. बरोब्बर मर्यादेवर, किलोभरही इकडेतिकडे नाही. हिरवा दिवा.

पोतं घरी आणताना अल्हसनच्या टपरीशेजारच्या काट्यावर मोजून घेतलं, बासष्ट किलो. पोकुआला म्हणालो, "काय योगायोग बघ!"

ती म्हणाली, "योगायोग? आईने तीनदा मोजून भरलं असेल."

"पण एनोंकडे काटा कुठे आहे?"

ती इतकी हसली की आमा जागी झाली. मग मी प्लग भिंतीत घातला, लॅपटॉप लावला आणि इंजिन चालू केलं.